नेहमीचं पत्र

अमेरिकेत, टोलीडोतल्या एका शाळेत प्रयोगशाळा दुसऱ्या मजल्यावर होती आणि लिफ्ट नव्हती. व्हीलचेअरवरची मार्नी खाली ग्रंथालयात बसून मैत्रिणींच्या वह्या उतरवून घ्यायची. केंद्र सरकारचे पैसे घेणारी शाळा असा भेदभाव करतेच कशी, म्हणून तिच्या आईने नागरी हक्क कार्यालयात तक्रार केली. मार्नी तेव्हा चौदा वर्षांची होती.

सव्विसाव्या वर्षी, वकील होऊन, मार्नी त्याच कार्यालयात तपास अधिकारी म्हणून रुजू झाली. पहिल्याच दिवशी साहेबांनी तिच्या टेबलावर सगळ्यात जुनी फाईल आदळली.

"हिने तीन अधिकारी रिटायर केलेत. बघ तुला जमतंय का!"

मार्नीने पहिलं पान वाचलं आणि फाईल साहेबांकडे वळवली.

"सर, ही तर माझीच तक्रार आहे."

"मग तुला तपास करता येणार नाही. नियम आहे. पलीकडच्या टेबलावरच्या ग्रेगकडे दे, त्याच्याकडे दोनशे फायली आहेत, त्यात आणखी एक. तक्रारदाराला तेवढं नेहमीचं पत्र पाठव, तुझ्या सहीने."

"सर, तिथे अजून लिफ्ट नाही. आज दुसरी कुणी पोर खाली बसलेली असेल."

"तेच लिहितो आपण, तक्रार विचाराधीन आहे म्हणून. पाठव."

आठवड्याने आईचा फोन आला.



"मार्नी, त्यांचं पत्र आलंय बघ. बारा वर्षं मजकूर तोच आहे गं, या वेळी सही तेवढी तुझी."