करकर

“आये, वहाणांत परत बिया घातल्यास व्हय?” बसवंतनं कपाळाला हात लावला. सहलीच्या बसच्या गाइडनं पर्यटकांसाठी न करकरणाऱ्या, बिनबियांच्या वहाणा सांगितल्या होत्या. आज वहाणा खपल्या नाहीत, तर तो धंदा सोडून पुण्यात वॉचमन होणार होता.

“वहाणंच्या तळात बी टाकल्याबिगर माझा हात टाकाच घालत न्हाई, बाबा,” रत्नाबाई म्हणाली.

बस आली. एका भिडस्त पाहुण्यानं वहाणा चढवून पाऊल टाकलं. कर्रर्र! सगळी गल्ली वळून बघायला लागली. तो दचकला. मग छाती काढून, गावचा पाटील असल्यासारखा, टोकापर्यंत चालून आला.

तासाभरात दुकान रिकामं झालं आणि अख्खी बस करकरत रंकाळ्याकडे निघाली.

गाइड मागं रेंगाळला. “मावशी, माझ्या मापाची... जरा मोठ्या आवाजाची मिळंल?”

“बसवंता, माप घे. बिया मूठभर टाक.”