जाते म्हणू नये

"बायका आपल्या कंपनीचा मोबाइल गेम खेळतात आणि बंद करून सरळ कामाला लागतात!" साहेब मधुलिकावर कडाडले. "त्या परत यायला हव्यात. काहीही कर."

मधुलिकाला आईची शिस्त आठवली. घरातून निघताना कुणी 'जाते' म्हटलं, की आई दारातच अडवायची. "जाते म्हणू नये गं, येते म्हणावं."

मग तिने गेममधल्या बटणावरचं 'बंद करा' पुसून तिथे 'येते हं!' लिहिलं. ते दाबलं की पडद्यावर एक मायाळू म्हातारी येऊन म्हणायची, "लवकर ये, वाट बघते." पहिली चाचणी तिने आईच्याच फोनवर घेतली.

गेम असा काही चालला, की दूध उतू गेलं तरी बायका जागच्या हलेनात. साहेबांनी पेढे वाटले आणि मधुलिकाला बढती देऊन सिंगापूरला पाठवायचं ठरवलं.

निघायच्या दिवशी टॅक्सी दारात उभी होती. आई सोफ्यावर फोनमधल्या त्याच गेमची फळं जुळवत बसली होती.

"आई, येते गं."

आईने आणखी तीन फळं जुळवली.

तेव्हा ती मुद्दामच ओरडली, "आई, जाते मी!"

"जा," फोनमधून डोकं वर न काढता आई म्हणाली, "आणि दार ओढून घे."