दोनदा धुतलेले सदरे

“जवळ येऊ नका, नाकवाल्या बाईसाहेब, आधी आंघोळ करतो!” कामावरून आलेले बाबा दारातूनच ओरडले. ऑपरेशनने लेकीचं चोंदलेलं नाक उघडलं आणि तिला शेजाऱ्यांचं अत्तरसुद्धा झोंबू लागलं. तेव्हापासून लाकडाला पॉलिश करणारे बाबा स्वतःला घासून काढायचे. ती नुसती हसली. दुसऱ्या दिवशी ते कारखान्यातच कोसळले, ते उठलेच नाहीत. पाहुणे पांगल्यावर तिने त्यांचं कपाट उघडलं. एकेक सदरा हुंगला, मग उशी, टॉवेल, मफलरसुद्धा. सगळीकडे साबण. ऑपरेशननंतर नाकावरची पट्टी काढल्यावर तिला पहिल्यांदा आलेला बाबांचा वास, स्पिरिटचा, लाखेचा न् घामाचा, कुठेच नव्हता. “नाही सापडायचा गं,” आई म्हणाली. “तुला त्रास नको म्हणून प्रत्येक कपडा दोनदा धुवायला लावायचे.” लेकीने हातातला सदरा उराशी धरला. “तुमचा वास मला कधीच झोंबला नव्हता, बाबा,” ती म्हणाली. “आवडायचा.”