वाळूतली चाहूल

फिशटँकमधल्या झाडांच्या मुळाशी केसासारखे बारीक लाल किडे वळवळताना दिसले, तसा तेजस्विनीच्या अंगावर काटा आला. तिने लगेच टँकवाल्याला फोन लावला.

"घाबरू नका ताई, काही करत नाहीत. ओळखायची खूण सांगतो. जवळ कुणी हललं की वाळूत शिरतात, स्वस्थ बसलं की परत वर येतात."

तिने टँकसमोरून फेरी मारली. किडे गडप! ती शेजारच्या सोफ्यावर गप्प बसली, तसे पुन्हा वर आले. तिला हसूच आलं.

नवरा अंबडला कंपनीत गेला होता. दाराला आतून कडी होती.

तेवढ्यात टँकच्या दाराकडच्या टोकाचे किडे वाळूत शिरले. मग मधले. मग सोफ्याकडचे.

जरा वेळाने दाराकडचे वर आले, मधलेही आले.

तेजस्विनी श्वास रोखून बसली होती, तरी सोफ्याकडचे काही वर येईनात.