शंभरपैकी दोन

परीक्षा विभागातल्या कारकुनाने सोनलची उत्तरपत्रिका टेबलावर ठेवली आणि वरच्या लाल आकड्यावर बोट टेकवलं. शंभरपैकी दोन.

"फेरतपासणी झाली. आकडा तोच हाय," तो म्हणाला. "पावणं, पोरगी पेपर लिवायला आलती की झोपायला?"

सोनल वडिलांच्या, बापूसोंच्या, शेजारीच उभी होती. फेरतपासणीचा अर्ज त्यांनीच केला होता. कुरुंदवाडची शेती भावावर सोपवून त्यांनी शिरोली एमआयडीसीत लहानशी फौंड्री काढली होती. लेक इलेक्ट्रॉनिक्स घेऊन बी.एस्सी.ला कॉलेजात पहिली आलेली. १९९९ साल होतं. एम.सी.ए. झालेली मुलं थेट अमेरिकेला जात होती. सोनलनेही तेच करावं, यात त्यांना विचार करण्यासारखं काही वाटत नव्हतं.

सोनलला डेहराडूनला वन्यजीव विज्ञानात एम.एस्सी. करायचं होतं. राधानगरीच्या जंगलातले गवे उन्हाळ्यात कुठून कुठे जातात, ते तिला नेमकं जाणून घ्यायचं होतं. गळ्यात ट्रान्समीटरचा पट्टा बांधला तर कळेल, असं तिचं म्हणणं. तसा पट्टा तिने शेवटच्या वर्षी स्वतः बनवला. गवा कुठला मिळणार, म्हणून काकांच्या म्हशीला बांधला. मग टीव्हीच्या जुन्या अँटेनाला जोडलेल्या रिसीव्हरवर टिकटिक ऐकत तिने दोन किलोमीटरवरच्या उसातून ती म्हैस शोधून काढली.

"म्हस हुडकायला एम.एस्सी. कशाला?" बापूसो तेव्हा म्हणाले होते. "गुंडू गड्यानं नुसती हाळी दिली असती, तरी आली असती की."

"गव्याला हाळी कोण देणार, अण्णा?"

डेहराडूनहून मुलाखतीचं पत्र आलं, तेव्हा घरात चार दिवस वाद झाला. शेवटी बापूसोंनी अट घातली. आधी एम.सी.ए.ची प्रवेश परीक्षा द्यायची. एकही प्रश्न कोरा सोडायचा नाही. पास झाली तर एम.सी.ए., नाही झाली तर डेहराडून. सोनलने शब्द दिला. या मुलीला नापास होणं जमायचं नाही, याची बापूसोंना खात्री होती.

आता त्यांनी उत्तरपत्रिका जवळ ओढली. कोरं काहीच नव्हतं. प्रत्येक प्रश्नाला चार पर्याय आणि त्यांतल्या एकाभोवती पेनाने नीट काढलेला गोल. फौंड्रीत कास्टिंग तपासावं तसं एकेका ओळीवर बोट फिरवत ते पुढे गेले. पाचव्या पानावर बोट थांबलं.

"डोळं झाकून गोल केलं तरी पंचवीसेक बरोबर यायला पायजेत," ते हळू म्हणाले.

"नशीब नसलं की न्हाय येत," कारकून हसला.

"नशिबाचं न्हाय हे. शंभरात धा-बारा कास्टिंग रिजेक्ट गेलं, तर साच्याची वाळू ओली हुती म्हणायचं. अठ्ठ्याण्णव गेलं, तर कुणीतरी बसून केलंय." ते सोनलकडे वळले. "तुला सगळी उत्तरं येत हुती."

सोनलने मान खाली घातली नाही.

"कोरं सोडणार नाही म्हटलं होतं, सोडलं नाही. बरोबर लिहीन असं कधी म्हटलं नव्हतं."

कारकुनाचं हसू ओसरलं. बापूसोंनी पुन्हा पानं उलटली. सत्तेचाळिसावा प्रश्न. मग एक्क्याण्णवावा. कामगाराची चूक सापडल्यावर आपटत तसं त्यांनी त्यावर बोट आपटलं.

"येवढी हुशार हाईस, तर ही दोन बरोबर कशी आली?"

"ती दोन मला येत नव्हती, अण्णा."