अर्धी दाढी

वस्तरा कानाच्या पाळीखाली जरासा अडला आणि पांढऱ्या फेसात एक लाल ठिपका उमटला. अण्णांनी गिऱ्हाइकाकडे पाहिलं नाही, जखमेकडे तर नाहीच. पाहिलं ते शेजारच्या खुर्चीकडे. तिथे त्यांचा मुलगा कुणाच्या तरी मानेवर मशीन फिरवत होता. नशीब, त्याची पाठ इकडे होती.

सलून बापलेकांचं, पण आता शब्द लेकाचा चालायचा. अण्णांचा हात थरथरायला लागल्यापासून त्याने बराच कानाडोळा केला होता. गेल्या आठवड्यात अण्णांनी एकाची हनुवटी कापली, तेव्हा मात्र शटर ओढल्यावर तो शांतपणे म्हणाला होता, "बाबा, आता एकदा जरी कापलं, तर वस्तरा खाली ठेवायचा. गल्ल्यावर बसा, चार लोकांशी गप्पा मारा. पण वस्तरा नाही." गल्ल्यावर बसणं म्हणजे अण्णांच्या लेखी शोभेची कुंडी होणं होतं.

म्हणून अण्णांनी जे केलं ते दुसऱ्या कुणाला सुचलंही नसतं. त्यांनी ब्रश वाटीत घोळवला आणि जखमेवर फेसाचा आणखी एक जाड थर चढवला. जखमेवर मीठ चोळणारे पुष्कळ असतात, फेस चोळणारे अण्णाच पहिले. रक्त दिसेनासं झालं.

खुर्चीत पोस्टमास्तर होते. निवृत्त होऊन कितीतरी वर्षं झाली, तरी साऱ्या गल्लीचे ते पोस्टमास्तरच. समोरच्या आरशात ते ही सारवासारव बघत होते. फेस हळूहळू गुलाबी होत गेला.

अण्णांनी खण ओढला. तुरटी मुलाने फेकून दिली होती. एकच खडा सगळ्यांच्या रक्तावरून फिरवायचा, हे त्याला पसंत नव्हतं. पण अण्णांनी एक तुकडा कंगव्यांखाली दडवून ठेवला होता. फेस पुसून त्यांनी तो जखमेवर घासला. पोस्टमास्तरांनी डोळे घट्ट मिटून घेतले. रक्त क्षणभर थबकलं आणि पुन्हा मानेवर ओघळलं. अण्णांनी टिपलं, वाकून पाहिलं, पुन्हा टिपलं. जितकं बघावं तितकं ते येतच होतं.

"काय झालं?" शेजारचं मशीन बंद झालं होतं.

"काही नाही रे," पोस्टमास्तर म्हणाले. "मीच हललो. शिंक येतेय असं वाटलं, आलीच नाही मेली."

मुलाने त्यांच्याकडे पाहिलं, मग वडिलांच्या मुठीतल्या तुरटीकडे. हात धुऊन त्याने भिंतीवरची पांढरी पेटी काढली, स्वच्छ पाण्याने जखमेवरचा साबण धुतला आणि गॉजची घडी कानाखाली ठेवली.

"बाबा, हे दाबून धरा. सारखं उचलून बघायचं नाही. बघायला गेलं की साकळलेलं रक्त पुन्हा सुटतं."

अण्णांनी दाबून धरलं. गंमत म्हणजे दाबून धरलेला हात थरथरत नव्हता. आरशात त्यांना आपला जुना हात दिसला आणि घटकाभर फार बरं वाटलं.

"मी सांगितलंय त्याला," पोस्टमास्तर हलक्या आवाजात म्हणाले. "तुम्ही निवांत राहा."

"ऐकलं मी."

"पुढच्या खेपेलाही तुमच्याकडेच बसणार."

अण्णांना गहिवरून आलं. थोडी लाजही वाटली. दोन्हींचं काय करायचं ते न कळून ते गॉज दाबत राहिले.

थोड्या वेळाने मुलाने येऊन पाहिलं. रक्त थांबलं होतं. त्याने छोटी पट्टी चिकटवली, "पातं बदला तेवढं," म्हणाला आणि आपल्या गिऱ्हाइकाकडे वळला. खुर्ची त्याने वडिलांकडेच राहू दिली. शिंकेची गोष्ट त्याला पटली होती, किंवा पटवून घ्यायचं त्याने ठरवलं होतं. अण्णा वाचले होते.

पोस्टमास्तरांचा उजवा गाल अजून व्हायचा होता. त्यांनी मान मागे टेकली, हनुवटी वर केली आणि डोळे मिटले.

"चालू द्या, अण्णा."

अण्णांनी नवं पातं घातलं. वाळलेल्या फेसावर पुन्हा ब्रश फिरवला आणि वस्तरा गालाजवळ नेला. पात्याचं टोक हवेत बारीक बारीक नाचत होतं. त्याच्याखाली तो माणूस गळा उघडा टाकून निर्धास्त पडला होता. त्या निर्धास्तपणाची अण्णांना भीती वाटली, मुलाच्या धाकापेक्षा कितीतरी जास्त.

"अरे," त्यांनी हाक मारली, "ही बाजू तू कर."

"का?" मुलगा पाठमोराच म्हणाला. "आता नाही हलायचे ते."

अण्णांनी वस्तरा मिटला आणि त्याच्यापुढे धरला.

"ते मघाशीही हलले नव्हते."