दांड्याची रेघ

सिम्युलेटरमध्ये नवं विमान उतरताना सलग चाळीस वेळा आपटलं होतं. त्याचं गणित धाकटीने मांडलं होतं आणि तेच आकडे खऱ्या विमानाच्या ऑटोपायलटमध्ये भरले होते. दुसऱ्या दिवशी ते विमान ताई उडवणार होती.

एक्केचाळिसाव्या वेळी विमान अलगद उतरलं. धाकटीने नोंदींचा आलेख काढला. सिम्युलेटरची केबिन रिकामी होती, दाराला बाहेरून कुलूप होतं. तरी शेवटच्या मिनिटात वैमानिकाने हाताने हलवायच्या दांड्याची रेघ हलली होती. आधी जराशी पुढे, मग हळूच मागे.

तिने ताईला बोलावलं. ताई रेघेकडे बघतच राहिली.

"अगं, ही तर बाबांची सवय. विमान उतरवताना ओढायच्या आधी ते दांडा असाच पुढे सारायचे."

बाबांना जाऊन सहा वर्षं झाली होती.

रेघ जिथे हलली, त्याच क्षणाचं गणित धाकटीने उघडलं. शेपटीच्या एका आकड्याला अधिकऐवजी उणे चिन्ह लागलं होतं. तिने ते सिम्युलेटरमध्ये आणि खऱ्या विमानातही सुधारलं. पुढच्या दहाही वेळा विमान नीट उतरलं आणि दांडा जागचा हलला नाही.

"सुटले गं बाई," ताई डोळे पुसत म्हणाली.

आता केबिनमधल्या माइकची नोंद तेवढी बघायची राहिली होती. माइकच्या रेघेवर अगदी शेवटी, दहाव्यांदा विमान उतरल्यावर, एकच छोटी लाट होती. धाकटीने आवाज वाढवून ती लावली.

कुलूपबंद केबिनमध्ये कुणीतरी अगदी निवांतपणे "हुश्श" केलं होतं.